डायव्हिंगनंतरचं कानाचं दुखणं : तुमचे अनुभव लिहा

गेल्या वर्षीपासून मी फोन उजव्याच कानाला लावते. डाव्या कानाला माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, फ विरून जातात आणि मागे एक बारीक शिट्टी अखंड वाजत राहते. हे झालं १२ मीटरच्या एका साध्या डाइव्हमध्ये.

४ मीटरवर डावा कान अडला होता. बाकीचे खाली पोचलेले, मला थांबायची लाज वाटली. कान उघडायला नाक दाबून पूर्ण जोर लावला. आत काहीतरी फटकन झालं आणि दुखणं थांबलं, म्हणून मी खूश. वर आल्यावर कानाला दडा बसलेला आणि पायाखालची जमीन किंचित कललेली. बोटीवरचे म्हणाले, पाणी गेलंय, निघेल. पहिल्या डॉक्टरांनी मळ समजून थेंब दिले. ९ दिवस मी ते थेंब घालत राहिले. दहाव्या दिवशी दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून विचारलं, आवाज कुठल्या बाजूला येतो? मी म्हटलं, उजवीकडे, म्हणजे चांगल्या कानात. त्यांनी त्याच तासाला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, करून घेतला. निदान झालं अंतर्कर्णाला दाबाची इजा. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, उशाला उंच करून पडून राहणं, शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, वजन उचलायचं नाही.

आधी गेले असते तर किती वाचलं असतं हे कुणी छातीठोक सांगत नाही. पण ते ९ दिवस माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून विचारतेय. तुम्हाला पहिलं लक्षण काय जाणवलं, आणि योग्य डॉक्टरांपर्यंत कसे पोचलात? मोकळेपणाने लिहा.

* * *

माझं मध्यकर्णावर निभावलं. सर्दी होती, नाकात स्प्रे मारून उतरलो. जाताना कान छान मोकळे झाले. पाण्यात स्प्रेचा असर ओसरला आणि वर येताना आतली हवा बाहेर पडेना. वर येताना कान दुखू शकतो हेच मला माहीत नव्हतं. मास्कमध्ये नाकातून रक्त आलं. पडद्यामागे रक्त साचलं होतं, पडदा मात्र शाबूत. ५ आठवडे पाणी बंद. त्यानंतर सर्दी असताना मी उतरलेलो नाही.

* * *

ताई, तुमचा अनुभव वाचून पोटात कालवलं. माझं नेमकं उलट झालं, आणि हा फरक सगळ्यांना माहीत असायला हवा.

उतरताना कान अजिबात अडले नव्हते. दिवसातली दुसरी डाइव्ह, पहिली ३८ मीटरपर्यंतची. बोटीत बसून अर्धा तास झाला आणि अचानक क्षितिज गरागरा फिरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, उजव्या कानाने ऐकू येईना. सगळे म्हणाले बोट लागली. माझ्या बड्डीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारणीने, मात्र ऐकलं नाही. तिने ऑक्सिजन लावला आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्कला फोन केला. ही संस्था १९८० पासून डायव्हरना आणीबाणीत वैद्यकीय सल्ला देते. त्यांनी खोली किती, वेळ किती, कान अडला होता का, चक्कर नेमकी कधी सुरू झाली, हे सगळं बारकाईने विचारलं. खोलवर शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे अंतर्कर्णातच बुडबुडे झाले असावेत म्हणून मला प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करतात त्या बंद खोलीत, नेलं. पहिलंच सत्र पावणेपाच तासांचं होतं. पुढे शिरेतून बारीक बुडबुडे सोडून हृदयाचा इको केला, तेव्हा वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचं छिद्र सापडलं. असं छिद्र साधारण चारातल्या एका माणसात उघडं राहतं.

ऐकू बरंचसं परत आलं. अंधारात चालताना अजून भिंतीला हात लागतो.

* * *

माझं छोटं दुखणं. रोज ४ डाइव्ह, आठवडाभर. कानाची पाळी ओढली की कळ यायची. बाहेरच्या नळीला जंतुसंसर्ग. मी काडी घालून कान कोरडा करत होते, त्यानेच वाढलं. थेंबांनी बरं झालं.

* * *

मी शिकवतो, म्हणून ‘थांबायची लाज वाटली’ या वाक्यावर अडलो. पृष्ठभागावर दाब एकपट असतो, १० मीटरवर दुप्पट होतो आणि कानातल्या हवेचं आकारमान निम्मं. पुढची दुप्पट व्हायला थेट ३० मीटर गाठावे लागतात. म्हणजे कानाची खरी परीक्षा पहिल्या १० मीटरमध्येच असते. दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळे करा. नाक दाबून आवंढा गिळून बघा, पाय खाली ठेवून उतरा. नाही जमलं तर थोडं वर या. तरीही नाही जमलं तर डाइव्ह सोडा. माझ्यासोबत कुणी ती सोडली तर मी त्याच्यासोबत वर येतो.

* * *

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि स्वतः डाइव्ह करतो. वरचे दोन अनुभव, ताईंचा आणि चेंबरमध्ये नेलेल्यांचा, शेजारी ठेवून वाचा, कारण लक्षणं सारखी आणि उपचार वेगळे. बुडबुड्यांच्या आजारात चेंबर लागतं. ताईंसारख्या अंतर्कर्णाच्या दाबाच्या इजेत तोच दाब अपाय करू शकतो. म्हणून त्रास उतरताना सुरू झाला की वर आल्यावर, हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा. खोली आणि वेळ नोंदवणारा डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या.

घरी तोंड मिटून गुणगुणून बघा. आवाज बुजलेल्या कानात मोठा वाटला तर दोष बहुधा मध्यकर्णात आहे. चांगल्या कानाकडे गेला, किंवा चक्कर, कान वाजणं सोबत असेल, तर त्याच दिवशी श्रवणचाचणी हवी. गुणगुणणं ही चाचणीची जागा घेत नाही. पडदा शाबूत आहे हे कळेपर्यंत कानात काहीही घालू नका. अपॉइंटमेंट घेताना फोनवर ‘कान दुखतो’ म्हणू नका. ‘डायव्हिंगनंतर ऐकू कमी येतंय, ऑडिओमेट्री आजच होईल का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे फोन लावा.

* * *

डॉक्टर, मी परवा डाइव्ह केली, डावा कान बुजलाय. गुणगुणल्यावर आवाज डावीकडेच येतो. चक्कर नाही. उद्या विमान आहे.

* * *

विमान पुढे ढकला आणि आज कान दाखवा. नाकातून जोर लावून कान उघडायचा प्रयत्न अजिबात करू नका.

* * *

दाखवला. पडद्यामागे द्रव आहे, पडद्याला भोक नाही. ऑडिओग्राममध्ये हाडावाटे ऐकण्याची रेघ दोन्ही कानांची सारखी आली, म्हणजे अंतर्कर्ण ठीक आहे असं सांगितलं. विमान रद्द केलंय. २ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ताई, मी फोन केला तेव्हा तुमचेच शब्द वापरले, दडा बसलाय आणि मला ९ दिवस थांबायचं नाही.