चौथ्या मजल्यावरचं दार

गुरुवार

४०३ काकू: लिफ्ट परत चौथ्यावर अडकली आहे. जाळीचं दार उघडं. मी खाली तीन वेळा बटण दाबलं, हातात भाजी. शेवटी जिन्याने चढले. कोणाचं काम आहे ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

२०४ वहिनी: तुमच्याच मजल्यावर ना काकू? म्हणजे ४०१.

४०३ काकू: मी नाव घेतलेलं नाही हं.

६०२ काका: भाड्याने दिलं की हेच होणार. मालक तिकडे पुण्यात, इथे तीन पोरं. त्यांना कसली आलीये आपुलकी! आम्ही राहायला आलो तेव्हा खट्ट असा आवाज ऐकल्याशिवाय लिफ्टपासून कोणी हलायचं नाही.

७०१: कोणाकडे चांगला प्लंबर आहे का? नळ गळतोय. अर्जंट.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर वैयक्तिक टीका नको. सर्व सभासदांनी व भाडेकरूंनी दार नीट लावावे ही विनंती.

४०१: नमस्कार. आज आम्ही तिघेही साडेसहाला बाहेर पडलोय. काकू किती वाजता आल्या?

४०३ काकू: सव्वादहा.

६०२ काका: आजचं सोडा, रोजचं काय? स्वभावाला औषध नसतं.

४०१: (हा मेसेज डिलीट केला आहे)

१०२ ताई: काका, तुमच्या या शेवटच्या वाक्यावर मी बारावी आर्ट्सच्या वर्गात तीन तास घालवते. मानसशास्त्राची मास्तरीण आहे, तेव्हा राहवत नाही. एक प्रसंग सांगते, सगळ्यांनी एका ओळीत उत्तर द्या. एक वकील मोटरसायकलवरून कोर्टात निघालाय, मागे एक जण बसलाय. मागचं चाक फुटलं. मागच्याने उडी मारली आणि त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं. वकिलाने त्याला हॉस्पिटलात पोचवलं, पण मार किती लागलाय हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टात गेला. तो माणूस पुढे दगावला. वकील असा का वागला?

६०२ काका: बेजबाबदार. दुसरं काय.

२०४ वहिनी: तारीख असेल ना कोर्टात. अशील बिचारा वाट बघत बसला असेल.

सेक्रेटरी: डॉक्टरांच्या ताब्यात दिलं म्हणजे आपलं काम झालं असं वाटलं असेल. डोक्याचा मार वरून कळत नाही.

४०३ काकू: त्याच्या बायकोला विचारा कसा आहे ते.

१०२ ताई: काकू, तुमचं उत्तर सगळ्यात भारी. हा प्रसंग एका खऱ्या अभ्यासातला आहे. जोन मिलर नावाच्या संशोधक बाईंनी शिकागोमधली माणसं आणि आपल्या म्हैसूरमधली माणसं यांची तुलना केली, १९८४ साली छापून आलं. कोणी काही वावगं केलं की शिकागोची मोठी माणसं काकांसारखी बोलायची, तो माणूसच तसा. म्हैसूरची वहिनींसारखी: कोर्टाचं कर्तव्य होतं, प्रसंगच तसा होता. आणि आठ वर्षांच्या मुलांमध्ये दोन्हीकडे असा फरक नव्हता! वय वाढलं तसा तो वाढत गेला. म्हणजे एखाद्याच्या वागण्याचं कारण कुठे शोधायचं हेसुद्धा आपण घरीदारी ऐकून ऐकूनच शिकतो.

६०२ काका: म्हणजे मी शिकागोचा झालो म्हणा की. आणि आपण सगळे म्हैसूरकडचे असू, तर मग ४०१ च्या बाबतीत म्हैसूर गेलं कुठे?

१०२ ताई: चांगला प्रश्न आहे. मला वाटतं, परिस्थिती आपण ओळखीच्या माणसाचीच बघतो, कारण तीच आपल्याला माहीत असते. परवा नातवाने ग्लास फोडला तेव्हा "ग्लासच ओला होता" म्हणालात. मी जिन्यात होते, ऐकलंय.

२०४ वहिनी: आपला तो बाब्या!

६०२ काका: तो ओलाच होता. बरं, पण मग कोणालाच दोष द्यायचा नाही का? उद्या चोरही म्हणेल परिस्थिती होती. ३४ वर्षं बँकेत काढली, "परिस्थिती" हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. कर्ज बुडवणारा प्रत्येक जण हेच सांगायचा.

१०२ ताई: द्यायचा ना दोष, पण चौकशी करून. तुम्हीही कर्जदाराचे आधीचे हप्ते बघतच होतात की. हॅरल्ड केली म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६७ मध्ये साधारण हाच हिशेब मांडला. इतर लोकही इथे तसंच वागतात का? हा माणूस दुसरीकडेही तसाच वागतो का? आणि नेहमी वागतो का? तो एकटाच, सगळीकडे आणि सदान्‌कदा तसा वागत असेल तर खुशाल स्वभाव म्हणा. आपण तिसऱ्याच प्रश्नापासून सुरू करतो आणि तिथेच थांबतो.

सेक्रेटरी: वॉचमनमामांकडे एक वही आहे. दार लावायला दर वेळी त्यांनाच जिना चढावा लागतो आणि त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून ते लिहून ठेवतात: कितव्या मजल्यावर, कितीला, आणि आधी वर कोण गेलं होतं. मला दाखवायला आणली होती. मी कपाटात ठेवली, खरं सांगतो.

२०४ वहिनी: सेक्रेटरीसाहेब!!

सेक्रेटरी: काढली. गेल्या १४ दिवसांत ११ वेळा. २ वेळा दुसऱ्यावर, ९ वेळा चौथ्यावर.

६०२ काका: बघा. ९.

सेक्रेटरी: पुढे वाचू द्या काका. चौथ्यावरच्या ९ पैकी दूधवाला २, इस्त्रीवाला १, कुरिअर १, लॅबचा रक्त न्यायला आलेला मुलगा १, ४०१ ची मुलं २. आणि ४०३, २.

२०४ वहिनी: 🙊

१०२ ताई: आता केलीसाहेबांचे प्रश्न लावा. एकटी मुलंच का? नाही, त्यांच्याशिवाय आणखी पाच जण. दूधवाला सगळीकडेच दार उघडं टाकतो का? तो तर सातही मजले फिरतो, त्याच्या हातून राहिलं ते चौथ्यावरच. मग दोष दूधवाल्यात आहे की दारात? कोणी जाऊन बघेल का?

४०१: मी आज लवकर आलोय, बघतो.

४०१: (व्हिडिओ, ०:२१)

४०१: नीट बघा. दार ओढलं, खट्ट वाजलं, हात सोडला. एक, दोन... बोटभर मागे आलं. खटका झिजलाय. खालच्या बाजूला पायाने रेटलं तरच बसतं. आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो.

६०२ काका: आवाज येतो आणि बसत नाही? अजब आहे.

४०३ काकू: माझ्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. एकदा हातात दोन पिशव्या होत्या आणि फोन वाजत होता. दुसऱ्यांदा ह्यांचं औषध घेऊन धावत आले होते. माझं वेगळं आहे. पस्तीस वर्षं शिस्तीत राहिले आहे, कोणालाही विचारा.

४०१: काकू, आमच्या हातात दोन्ही वेळा वीस लिटरचा पाण्याचा जार होता.

१०२ ताई: दोघांचंही खरं आहे. जोन्स आणि निस्बेट यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की करणाऱ्याला प्रसंग दिसतो आणि बघणाऱ्याला माणूस. काकूंना स्वतःच्या पिशव्यांचं ओझं जाणवतं, मुलांचा जार त्यांना भिंतीपलीकडून कसा दिसणार? पुढे २००६ मध्ये मॅले यांनी १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कळलं की हे सरसकट होत नाही. काही बिघडलं की होतं, आणि चांगलं झालं की उलटं. वर्गात पोरं लगेच सांगतात: मार्क मिळाले की मी हुशार, नापास झालो की पेपर कठीण.

४०१: मघाशी डिलीट केलं होतं ते आता लिहितो, कारण ताईंनी विषय काढलाच आहे. तीन महिने "ती ४०१ ची पोरं" ऐकतोय. मी लिफ्ट वापरणंच बंद केलं, कटकट नको म्हणून. मग चढता चढता वाटायला लागलं की आपण काही केलं नाही तर असं लपूनछपून का जातोय? घराचं कुलूप तर मी आधी एकदाच ओढून बघायचो. आता तीनदा ओढतो. गेल्या सोमवारी स्टेशनवरून परत आलो, कुलूप लागलेलंच होतं. लोकल गेली. आई फोनवर म्हणाली, तू कधीपासून असा वेंधळा झालास? मी म्हटलं, होतोच बहुतेक.

१०२ ताई: हे मी वर्गात सांगते ते, पण इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. डॅरिल बेम यांची मांडणी अशी की आपण कसे आहोत हे आपल्यालाही आतून नेहमी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा आपण आपल्याच वागण्याकडे परक्यासारखं बघतो आणि त्यावरून ठरवतो. तू जिन्याने जाणारा, तीनदा कुलूप ओढणारा मुलगा बघितलास आणि त्याला वेंधळा ठरवलंस. त्याला जिन्याने जायला आम्ही लावलं, हे हिशेबात धरलंच नाहीस. आम्ही म्हणजे मीसुद्धा. तीन महिने मीही हे सगळं वाचून गप्प होते.

४०३ काकू: अरे मग बेल वाजवून सांगायचं होतं ना. ग्रुपवर कशाला?

४०१: काकू, तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं.

७०१: प्लंबरचं कोणी सांगितलं नाही अजून.

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला फोन केला. शनिवारी ११ ला येतो. खटका झिजलाय हे गेल्या सर्व्हिसिंगला त्याने कागदावर लिहून दिलं होतं म्हणे. कागद माझ्याकडेच सापडला. वहीच्या खाली. तोवर चौथ्यावर सर्वांनी दार पायाने रेटावे.

६०२ काका: सेक्रेटरी, तुमचा स्वभाव...

६०२ काका: राहू द्या.

४०३ काकू: ४०१, संध्याकाळी थालीपीठं करतेय. तिघं आहात ना? डबा पाठवते. आणि जार उचलताना कंबर सांभाळा रे.

शुक्रवार

२०४ वहिनी: लिफ्ट आज दुसऱ्यावर अडकलीये.

६०२ काका: आता कोण?

४०३ काकू: आधी मामांची वही बघा. आणि मी सकाळपासून खाली उतरलेली नाहीये.