ऑटोक्रॉससाठी दारावरचे नंबर: मॅग्नेट घ्यावेत की स्टिकर?

मातीतली_स्विफ्ट
मंडळी, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला (छोट्या ट्रॅकवरची, वेळ मोजून होणारी गाड्यांची स्पर्धा) उतरतोय, मातीचा ट्रॅक आहे. गाडी रोजची ऑफिसची, त्यामुळे दारावरचे स्पर्धेचे नंबर रविवारी रात्री निघायला हवेत आणि रंगाला धक्का लागता कामा नये. मॅग्नेट (पत्र्याला चिकटणारी चुंबकाची शीट) की स्टिकर? आणि मागचं एक दार डेंट काढून पेंट केलेलं आहे, तिथे काय करू?

ओहायोकर
मी इकडे अमेरिकेत एससीसीएच्या (इथला स्पोर्ट्स कार क्लब) ऑटोक्रॉसला जातो, मोठ्या डांबरी पार्किंगमध्ये असतं, तिथे मॅग्नेट झकास चालतात. नियमाने नंबर किमान ८ इंच उंच आणि रेघ सव्वा इंच जाड लागते, लांबून दिसायला हे माप कुठेही चालेल. कोपरे गोल कापून घे, टोकदार कोपऱ्यात वारा शिरला की शीट उडते. पुढच्या कडेला मास्किंग टेपही मार.

गॅरेजवाला_पुणे
डांबरावर ठीक आहे हो, पण मातीत मॅग्नेट अजिबात नको! बारीक धूळ कडेने आत जाते, दाराचा पत्रा सारखा थरथरत असतो, आणि क्लिअर कोटवर (रंगावरचा पारदर्शक थर) पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात. रेडियमवाल्याकडे जा आणि रिमूव्हेबल व्हायनलच (सहज निघणारं स्टिकर) माग, नंबरप्लेटला लावतात ते नको, त्याचा गोंद सुटता सुटत नाही. दार शॅम्पूने धू, मग स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब शॅम्पू, ते मारून नंबर ठेवला की सरकवून सरळ करता येतो, नंतर जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून बाहेर पाणी ढकलत जायचं. काढताना हेअर ड्रायरने कोमट कर आणि कोपरा पूर्ण मागे दुमडून हळूहळू ओढ, सरळ बाहेर खेचू नको.
पेंट केलेल्या दाराला मात्र स्टिकर लावू नको, लोकल पेंट कधीकधी स्टिकरबरोबर सोलून येतो. खाली पुट्टी जाड असेल तर तिथे मॅग्नेटही धड धरत नाही.

मातीतली_स्विफ्ट
मग मागच्या दाराच्या काचेवर लावला तर?

गॅरेजवाला_पुणे
काच बेस्ट, रंगाची भानगडच नाही. पांढरा नंबर घे, काळा काचेवर दिसणार नाही. फक्त आयोजकांना आधी फोन करून विचार, कुठे कुठे दारावरच मागतात, तसं असेल तर पुढच्या दारावर लाव, तिथला रंग कंपनीचा आहे ना?

मातीतली_स्विफ्ट
हो, पुढची दोन्ही कंपनीचीच. उद्याच रेडियमवाल्याकडे जातो.