द वायरचा चौथा सीझन थेट बघू का?

प्रश्न: एचबीओच्या द वायर या मालिकेचा २००६ चा चौथा सीझन ड्रग गँगमध्ये ओढल्या जाणाऱ्या शाळकरी पोरांवर आहे म्हणे, तर आधीचे तीन न बघता थेट तोच लावला तर कळेल का?

उत्तर: नको रे, पहिल्यापासून बघ. प्रेझ आधी पोलीस होता हे माहीत असेल तरच त्याचं गणिताचा मास्तर होणं भिडतं.

उत्तर: बाल्टिमोरच्या मायकल, नेमंड, रँडी, ड्यूकी या चौघांसाठी तरी बघाच. मायकल धाकट्या भावाला वाचवायला ड्रग गँगच्या म्होरक्याकडे, मार्लोकडे जातो ना, तिथे मला रडूच आलं, कारण बाकी मोठ्या माणसांवर त्याचा विश्वासच उरलेला नसतो. आणि लेखकांपैकी एड बर्न्स स्वतः आधी पोलीस, मग शिक्षक होता, म्हणून तो वर्ग इतका खरा वाटतो.

प्रश्नकर्ता: ओके, आज रात्रीच पहिला सीझन सुरू करतो.