ब्राउझरची हिस्टरी बंद ठेवायचंही पेटंट?

ऑरेंजसिटी_कोडर:
आयटी पार्कजवळ तर्री-पोहे खाताना पेटलेला वाद इथं आणतोय. मित्राच्या कंपनीनं अभ्यासिकांसाठी एक सोय केली. सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर ठरावीक खात्यांची ब्राउझर हिस्टरी साठतच नाही, बाकीच्यांची साठते. आता म्हणे याचं पेटंट घेणार, अन् दुसऱ्यानं केलं की नोटीस! राजेहो, यादीत नाव असलं तर हिस्टरी लिहायची नाही, एवढा एक 'जर-तर' आहे. हिस्टरी न साठवणारी खासगी खिडकी सफारी ब्राउझरमध्ये २००५ मध्ये आली, क्रोमचं इन्कॉग्निटो २००८ मध्ये. यात नवीन काय?

धरमपेठी:
खासगी खिडकी वापरणारा स्वतः उघडतो. इथं कोणाची हिस्टरी ठेवायची ते संगणक सांभाळणारा ठरवतो. फरक आहे ना? अन् सोपं दिसतं ते जुनंच असतं काहून? अ‍ॅमेझॉनला एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं, ते २०१७ पर्यंत चाललं. छोट्या कंपनीची कल्पना उद्या मोठ्यानं उचलली तर तिनं जायचं कुठं?

ऑरेंजसिटी_कोडर:
चांगलं उदाहरण दिलंत! त्याच पेटंटपायी बार्न्स अँड नोबल या अमेरिकन पुस्तकविक्रेत्या कंपनीला गिऱ्हाइकाकडून एक क्लिक जास्त करवून घ्यावी लागली. अन् संगणक सांभाळणाऱ्याचं म्हणाल तर क्रोममध्ये हिस्टरी साठवणं बंद करायचं धोरण (पॉलिसी सेटिंग) आहेच, ते निवडक खात्यांनाही लावता येतं. मी स्वतः लावलंय.

काळा_कोट:
अमेरिकेतले दाखले इथं चालत नाहीत. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही. २००४ च्या अध्यादेशानं तिथं ढील दिली होती, २००५ च्या दुरुस्तीत संसदेनं ती ठेवली नाही. तरी दार पूर्ण बंद नाही. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं प्रोग्रॅमचा काही तांत्रिक परिणाम होतो का ते बघायला सांगितलं. इथला परिणाम काय, तर फाइलीत एक नोंद कमी झाली! त्यात कोडर म्हणतात ते धोरण आधीपासून असेल, तर ३(के) पर्यंत जायचीही गरज नाही, नावीन्यावरच अर्ज अडकेल. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर मंजुरीआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो, कलम २५(१).

धरमपेठी:
धोरणाचं मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेतो. छोट्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

ऑरेंजसिटी_कोडर:
वकीलसाहेब, विरोधाचा मसुदा तुम्ही लिहा. पोहे माझ्याकडून.

धरमपेठी:
मित्र तुमचा, अन् विरोधही तुमचाच?