होम डेपो चीनमधून का पळाली? 'चिनी माणूस आळशी' हे उत्तर पुरे झालं

खवचट_काका
काल इथेच एकाने ठोकून दिलं की चिनी माणसाला हातोडी धरायची लाज वाटते, म्हणून होम डेपोने (घर स्वतः दुरुस्त करायचं सामान विकणारी अमेरिकन कंपनी) गाशा गुंडाळला. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

२००६ च्या अखेरीस 'होमवे' ह्या चिनी कंपनीची १२ दुकानं घेऊन कंपनी चीनमध्ये शिरली. २०१२ च्या सप्टेंबरात उरलेली ७ मोठी दुकानं बंद, ८५० माणसं घरी. कारण काय दिलं? इथले लोक घराची कामं स्वतः करत नाहीत, करून घेतात. अहो, मग शिरताना काय डोळे मिटले होते? तिथे नवा फ्लॅट म्हणजे बहुतेकदा काँक्रीटचा सांगाडा. फरशी, दारं, न्हाणीघर, ओटा, सगळं मालकाने करायचं. एवढं काम कोण शनिवार-रविवारी ड्रिल घेऊन करेल? आणि अमेरिकेतलं गॅरेज बाराव्या मजल्यावर कुठून आणायचं? ह्यात आळस कुठे आला?

शांघायवाली
काका, गॅरेजचं पटलं. पण त्याच धंद्यातल्या ब्रिटिश बी अँड क्यूचं काय कराल? ते १९९९ ला शांघायला आले, २००५ ला जर्मन ओबीआयची चिनी दुकानं घेतली, साठाच्या वर गेले. डिझाइन करून, माणसं पाठवून घर लावून द्यायची सेवाही होती. म्हणजे 'करून घेतात' हे त्यांना कळलं होतं. तरी २००९ मध्ये दुकानं आवरायला लागली आणि २०१४ च्या अखेरीस ७०% हिस्सा वुमेई ह्या चिनी कंपनीला द्यायचं ठरलं.

मी तिथे राहिलेय. लोक रेड स्टार मॅकलाइनसारख्या घरसामानाच्या मॉलात जातात. तो मॉल स्वतः काही विकत नाही, गाळे भाड्याने देतो. टाइल्सवाला वेगळा, नळवाला वेगळा, प्रत्येकाशी घासाघीस. माल पडून राहिला तर तो गाळेवाल्याचा, मॉलचं भाडं चालू. ह्यापुढे छापील किमतीचं गोदाम काय टिकणार!

कोथरूडी_करवत
घासाघीस म्हणे! आमच्या सुताराने प्लायचं बिल मरीनचं लावलं आणि आत भुसा. पहिल्याच पावसाळ्यात ओट्याखालची ट्रॉली फुगली. फोन उचलत नाही. असलं एक गोदाम इथे हवंच, छापील किंमत आणि पावती.

सुताराचा_पोर
मरीन प्लाय हवा, पण दर कमर्शियलचा द्यायचा! माझ्या वडिलांचे निम्मे पैसे सोसायट्यांमध्ये अडकलेत. चहासुद्धा वेगळ्या कपात देतात.

कोथरूडी_करवत
तुमच्या वडिलांबद्दल बोललो का मी? उगाच अंगावर घेऊ नका.

सुताराचा_पोर
'सुतार' म्हणालात, नाव नाही घेतलंत. मग अंगावर कुणी घ्यायचं?

खवचट_काका
दोघांनी ट्रॉलीसाठी वेगळा धागा काढा. शांघायवाली, ठीक आहे, गाळ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. हार घाला स्वतःला. तरी आळस ठरत नाहीच.

न्यूजर्सी_नाना
मी इथे डेक स्वतः बांधला. भारतीय आणि चिनी, दोघांनाही कामाची लाज वाटते, हे कटू सत्य आहे.

शांघायवाली
नाना, तुमच्याकडे सुतार तासाला काय घेतो ते आधी सांगा. स्वस्तात मिळाला असता तर डेकवर तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसला असता.

न्यूजर्सी_नाना
मग आयकिया का चालली? तिथे तर खोकं उघडून स्वतःच जोडायचं असतं.

शांघायवाली
पैसे दिले की जोडून देणारा येतो. आयकिया १९९८ पासून शांघायला आहे. सुरुवातीला महाग वाटायची, मग माल तिथेच बनवून वर्षानुवर्षं भाव पाडले. लोक गाद्यांवर खुशाल झोपायचे, तरी बहुतेक वेळा कुणी उठवत नसे. आणि ती विकते टेबलं-पलंग, सिमेंट नव्हे. तिनेही २०२२ मध्ये ग्वेयांगचं दुकान बंद केलं, तेव्हा फार नाचू नका.

कोथरूडी_करवत
हे सगळं ठीक. सुताराचा_पोर, वडील ट्रॉली दुरुस्त करतात का? व्यनि (खाजगी निरोप) करा. मरीनचाच दर देतो.

सुताराचा_पोर
निम्मे आगाऊ.