एक्सचेंजसाठी भूगोलाचे कोर्स निवडायचेत, यादी बघून गोंधळ उडालाय

नकाशावेडी:
मी भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढचं सेमिस्टर एक्सचेंजवर युरोपात. तिकडच्या विभागाने ‘एक्सचेंज विद्यार्थ्यांसाठी खुले’ अशी कोर्सची यादी पाठवलीय. दहा दिवसांत लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (तिकडे कोणते कोर्स घेणार याचा दोन्ही विद्यापीठांशी करार) भरून द्यायचंय, ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट) जमवायचेत. पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा वाटलं, काय घेऊ नि काय नको! आता तिसऱ्यांदा वाचतेय तर एकेक कोर्स हातातून निसटताना दिसतोय.

हिमनदी भूरूपशास्त्र मनापासून हवंय. हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे-माती), यू आकाराच्या दऱ्या आजवर फक्त पेन्सिलीने रेखाटल्यात. पण त्यात आठवडाभराची क्षेत्रभेट आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘जागा मर्यादित’. प्रगत जीआयएसला (संगणकावर नकाशे करणं, भौगोलिक माहितीचं विश्लेषण) प्राथमिक जीआयएस आणि संख्याशास्त्राची पूर्वअट. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरवर माझे दोन प्रकल्प झालेत, पण गुणपत्रिकेवर नुसतं ‘प्रात्यक्षिक भूगोल’ येतं. नागरी भूगोलाचा सेमिनार १० क्रेडिटचा आणि अट काहीच नाही, म्हणून संशय येतोय. त्यात आमचे समन्वयक सर म्हणतात, विषयाचं नाव जुळलं नाही तर क्रेडिट धरणार नाही.

कुणी यातून गेलंय का? आधी काय सोडू?

पायवाट:
इतक्यात काही सोडू नकोस. ‘खुले’ म्हणजे अर्ज करता येईल, एवढंच. जागा मिळेलच असं नाही, विशेषतः क्षेत्रभेटीची. तिथे बसमधल्या खुर्च्या मोजलेल्या असतात. आजच विभागाला मेल टाक: क्षेत्रभेट नेमकी कधी, खर्च कुणाचा, आणि ती चुकली तर कोर्स पास होता येतं का? माझ्या वेळी ती परीक्षा संपल्यावर होती आणि परतीचं तिकीट मी त्याआधीचं काढून बसलो होतो. अहवालाचे गुण गेलेच, वर चार महिने ज्यासाठी वाचलं ते बघायचं राहिलं.

समोच्चरेषा:
जीआयएससाठी गुणपत्रिका पाठवून उपयोग नाही, अभ्यासक्रम पाठव. प्रक्षेपण, व्हेक्टर-रास्टर, जिओरेफरन्सिंग, बफर, ओव्हरले यांतलं काय केलंस ते एका पानात लिही आणि सोबत स्वतः केलेला एक नकाशा जोड. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला तेवढ्यावर घेतलं होतं. पण संख्याशास्त्राबाबत स्वतःला फसवू नकोस. रिग्रेशन कळत नसेल आणि आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर कधी उघडलंच नसेल, तर दुसऱ्याच आठवड्यात फेस येतो. त्यापेक्षा दूरसंवेदन (उपग्रहांच्या प्रतिमांवरून अभ्यास) यादीत आहे का बघ. लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटर तपशिलाच्या आणि सेंटिनेल-२ च्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा फुकट मिळतात, आतापासून हात बसवता येईल.

नकाशावेडी:
@समोच्चरेषा, दूरसंवेदन आहे, ५ क्रेडिट! माझ्या नजरेतूनच सुटलं होतं. रिग्रेशन कागदावर येतं, आर नाही.

जुनीवही:
सेमिनारबद्दल तुमचा संशय योग्य आहे. अट नसली तरी तो सोपा नसतो. दर आठवड्याला वाचन, वर्गात मांडणी, शेवटी मोठा निबंध. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात वर्गाबाहेरचं वाचनही आलं. १० क्रेडिटचे २५० तास तरी झालेच. वर्गात दोनच तास दिसतात म्हणून फसू नका. (विद्यापीठ ब्रिटनमधलं असेल तर आकडे दुप्पट दिसतील, त्यांचे ६० म्हणजे ३० ईसीटीएस. घाबरू नका.)

सरांशी नावावरून वाद घालू नका. दोन्हीकडचे घटक शेजारी-शेजारी मांडून दाखवा आणि जायच्या आधी लेखी संमती घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणणारे आल्यावरही ‘बघू’च म्हणतात. आणि एक-दोन जास्तीचे कोर्स मंजूर करून ठेवा. तिथे पोचल्यावर वेळापत्रकं एकमेकांवर आली तर अ‍ॅग्रीमेंटमध्ये बदल करता येतो, पण दोन्ही विद्यापीठांच्या सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतात.

नकाशावेडी:
विभागाचं उत्तर आलं. क्षेत्रभेट सेमिस्टरच्या मध्यावरच आहे, जागेचं पहिल्या तासाला कळेल. तर हिमनदी आणि दूरसंवेदन पक्कं, प्रगत जीआयएस सोडला. जागा हुकली तर मृदा भूगोल, तोही सरांना दाखवून ठेवते. सेमिनार घेतेय, @जुनीवही यांनी घाबरवलं तरी.

@पायवाट, परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.