पोराच्या मिरगीसाठी नव्या गोळीचा अभ्यास: सही करू का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
पोरगा चौदा वर्षांचा, आठवीत. व्हॅल्प्रोएट चालू आहे, मग लेव्हेटिरासिटाम जोडली, तरी झटके थांबत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी नव्या गोळीच्या अभ्यासाचं विचारलं. कागद मराठीत आहेत. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी, अन् कोणाला कोणती हे डॉक्टरांनाही कळणार नाही म्हणे. आमची बुढी म्हणते, "माह्या नातवाले उंदीर करून रायले." मला भेव वेगळं आहे. खोटी गोळी वाट्याला आली तर? अन् कापूस वेचणीत नागपूरच्या चकरा कोण मारेल?

उत्तर (वर्धा, निवृत्त सिस्टर)
भाऊ, अशा अभ्यासांच्या नोंदी मी नोकरीत असताना ठेवल्या आहेत. मिरगीत सहसा चालू औषध तसंच ठेवून वरून ही गोळी देतात. तुमच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सही करू नका. चालू गोळी अचानक तोडली तर झटके लागोपाठ येऊन जिवावर बेततं.

खोटी गोळी लागते कारण झटके आपोआपही कमीजास्त होतात. माणूस दवाखान्यात येतो तो त्रास वाढला की, अन् पुढे तो थोडा उतरतोच. खोट्या गोळीवरही काहींचे झटके निम्म्यावर आलेले दिसतात. तुलनाच केली नाही, तर कोणतीही गोळी रामबाण वाटेल.

नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून औषधांच्या चाचण्या सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवाव्याच लागतात, मोबाइलवर पाहता येतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे अभ्यासात इजा झाली तर उपचार फुकट, आणि ती अभ्यासामुळे झाली असेल तर भरपाईसुद्धा. चौदा वर्षांच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, नुसती बापाची सही चालत नाही. मधेच सोडलं तरी नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

अन् हे नक्की विचारा: गोळी लागू पडली, तर अभ्यास संपल्यावर ती मिळणार का? हे विचारायचं पुष्कळ जण विसरतात. भाड्याचंही लेखी घ्या.

उत्तर (अचलपूर)
बुढीले सांगा, झटका आला का जोडा हुंगवते, तो बी प्रयोगच हाये. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही!

प्रश्नकर्ता
धन्यवाद ताई. कागदात पाहिलं, चालू गोळ्या तशाच राहणार आहेत. पोराला विचारलं तर म्हणतो, "विहिरीवर पोहू देतीन का?" एक राहिलं. झटक्यांची डायरी लिहायची आहे. शाळेत झटका आला तर?

वर्धा, निवृत्त सिस्टर
विहीर सध्या नाहीच, अभ्यासात असो वा नसो. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं, जमलं तर व्हिडिओ काढायचा. पाच मिनिटांवर गेला तर थेट १०८. डायरी त्याच दिवशी भरा. ओपीडीच्या आदल्या रात्री आठवून भरलेली डायरी मला अक्षरावरूनच ओळखू यायची.